नजर, सुधारित, अंतिम

माझ्याकडे चित्रपटांची एक वही आहे. आता खरं तर आठ झाल्या आहेत, पण मी अजूनही 'वही'च म्हणते. २००३ साली कॉलेजसाठी पुण्याला आले तेव्हा पहिली घेतली, दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाचं नाव, तारीख, कुठे पाहिला, सोबत कोण होतं, चार ओळी, आणि समासात दहापैकी गुण. भरलेल्या वह्या गावी अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, पत्र्याच्या पेटीत ठेवते, कारण पुण्याच्या भाड्याच्या घरांत दर दोन-तीन वर्षांनी सामान हलवावं लागतं.

गेल्या दिवाळीला गावी गेले आणि पेटी उघडली. पहिली आणि पाचवी वही शेजारी शेजारी घेऊन चाळत होते. एकाच चित्रपटाची नोंद दोन्हींत सापडली. २००४ मध्ये ९ गुण, २०१८ मध्ये ५. अक्षर दोन्हीकडे माझंच. पहिल्या नोंदीत लिहिलंय, 'बस सोडून दिली, खोलीवर चालत आले.' दुसऱ्या नोंदीत, 'मधला तास ओढलेला आहे. शेवट आधीच कळतो.' दोन्ही वाक्यं वाचताना ती खरी वाटत होती. यातला कोणता आकडा खोडायचा, हे मला ठरवता येईना.

हा प्रश्न माझ्यापुरता राहिला असता तर पेटी बंद करून मोकळी झाले असते. पण आमचं एक छोटं चित्रपट मंडळ आहे. महिन्यातून दोनदा आम्ही एकत्र चित्रपट पाहतो आणि नंतर चहावर भांडतो. जूनमध्ये मंडळानं ठरवलं की, नव्या चित्रपटांवर दर आठवड्याला एक पानभर टिपण काढायचं, सगळ्या सभासदांना वाटायचं, आणि ते मी लिहायचं. एकच अट होती. वर ठळक अक्षरांत गुण हवेत. 'वाचायला वेळ नसतो गं, आकडा पाहून तिकीट काढता आलं पाहिजे,' असं सगळ्यांत ज्येष्ठ सभासद काकूंनी सांगितलं. मी म्हटलं, मोजपट्टी कोणती घ्यायची ते आधी ठरवते. जून गेला, गणपती गेले, दसरा गेला. टिपणं लिहून तयार होती, पण वरची जागा कोरी होती.

दहापैकी गुण द्यायचे हे वरवर सगळ्यांत सोपं. पण मराठी माणसाला दहा, शंभर हे आकडे कोरे मिळतच नाहीत. ते शाळेतून येतात. ३५ म्हणजे काठावर पास, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम, ७५ च्या वर विशेष प्रावीण्य. मी एखाद्या चित्रपटाला सहा दिले तर माझ्या मनात 'फर्स्ट क्लास' असतो. माझ्याहून वीस वर्षांनी लहान सभासदाला मात्र सहा म्हणजे जवळजवळ नापास वाटतं, कारण त्याच्या वर्गात नव्वदच्या खाली कुणी पेढे वाटत नाही. वह्यांमधले आकडे मी एकदा सगळे मोजले. चारच्या खाली एकही गुण नव्हता. कितीही वाईट चित्रपट असला तरी माझ्या हातानं त्याला पस्तीस टक्क्यांपलीकडे आणून सोडलं होतं. म्हणजे दहाची म्हणून घेतलेली पट्टी मी सातचीच वापरत होते, आणि त्यातही निम्म्याहून अधिक चित्रपट सहा नि सातच्या घरात दाटीवाटीनं बसले होते.

मग ताऱ्यांकडे वळले. चित्रपटांना तारे देण्याची रीत 'न्यूयॉर्क डेली न्यूज'च्या आयरीन थायरर यांनी ३१ जुलै १९२८ रोजी सुरू केली. त्यांचे तारे तीनच होते. तीन म्हणजे उत्कृष्ट, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा, आणि एकही तारा नसेल तर सरळ वाईट. मला ही पट्टी फार आवडली, कारण तिच्यात लपायला जागा नाही. पुढे तीनाचे चार झाले, चाराचे पाच, मग अर्धे तारे आले. आपल्या वर्तमानपत्रांतले पाच तारे बघा. साडेतीन हा आकडा किती वेळा दिसतो! साडेतीन म्हणजे लिहिणाऱ्यानं ठरवायचं टाळलेलं असतं. हे मी दुसऱ्यांवर आरोप म्हणून सांगत नाही. ऑगस्टमध्ये सराव म्हणून वीस चित्रपटांना पाच ताऱ्यांच्या पट्टीवर गुण दिले, त्यात अकरा साडेतीन निघाले.

१९५० च्या दशकात फ्रान्समधल्या 'काहिए द्यु सिनेमा' या मासिकानं एक तक्ता छापायला सुरुवात केली. दहा समीक्षकांची नावं वर, चित्रपटांची नावं बाजूला, चौकटींत तारे, आणि 'वाटेला जाऊ नका' यासाठी एक काळा ठिपका. त्या तक्त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की एकाच चित्रपटापुढे एकाचे भरपूर तारे आणि शेजारच्याचा काळा ठिपका बिनदिक्कत छापलेला असे. भांडण वाचकाला दिसत होतं. आता आपण सरासरी काढतो आणि भांडण पुसून टाकतो.

सरासरीही नसलेला आकडा तर आणखी फसवा. समीक्षकांचे कौल गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरचे नव्वद टक्के पाहून आमच्या मंडळात कितीतरी वेळा 'शंभरपैकी नव्वद मिळालेत' असं म्हटलं गेलंय. तो गुण नाही. शंभर समीक्षकांपैकी नव्वदांचा कौल अनुकूल पडला, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी दहापैकी सहा देऊन 'बरा आहे' म्हटलं तर तिथे शंभर टक्के दिसतील. निम्म्यांनी डोक्यावर घेतला आणि निम्म्यांनी फेकून दिला तर पन्नास, आणि तो पडणार 'सडक्या'त, कारण तिथली ताज्या टोमॅटोची रेघ साठ टक्क्यांवर आहे. (आपल्या प्रथम श्रेणीचीच रेघ!) मला आयुष्यात ज्या चित्रपटांनी हलवलं, त्यांतले बरेचसे पन्नास टक्क्यांचे आहेत.

अंगठ्याचाही विचार केला. वर किंवा खाली, बस्स. नेटफ्लिक्सनं २०१७ मध्ये पाच तारे काढून अंगठे आणले, कारण लोक अंगठा पटकन दाबतात. त्याच कंपनीनं २००६ मध्ये दहा लाख डॉलरची एक स्पर्धा लावली होती. सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले दहा कोटी गुण संशोधकांपुढे ठेवले आणि कंपनीपेक्षा दहा टक्के अधिक अचूक अंदाज करून दाखवा म्हटलं. २००९ मध्ये ज्या गटानं ते जिंकलं, त्यांच्या कामातली एक गोष्ट वाचून मी वहीकडे नव्यानं पाहिलं. माणसाची मोजपट्टी वर्षांगणिक सरकते, हे त्यांनी हिशोबात धरलं होतंच. शिवाय एका दिवशी दिलेल्या सगळ्या गुणांवर त्या दिवसाची म्हणून एक छाया असते, तीही त्यांना गणितात घ्यावी लागली. माझ्या वहीत २०११ चा एक आठवडा आहे. आजी त्या आठवड्यात गेली. त्या पानावर चार चित्रपट आहेत आणि चौघांनाही चारच गुण आहेत.

तर दिवाळीत त्या दोन वह्या घेऊन मी ओसरीवर बसले होते. अण्णा पेपर वाचत होते. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं आणि अण्णांची सगळी नोकरी तलाठी म्हणून गेली. ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडच्या पेपरांत एक बातमी हमखास असते, सुधारित पैसेवारीची. किती गावं पन्नास पैशांच्या वर, किती खाली. निवृत्तीला इतकी वर्षं झाली तरी अण्णा ती बातमी बोट ठेवून वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातली वही मागितली. समासातल्या आकड्यावर तेच बोट ठेवून विचारलं,

"हे नऊ कशाचे?"

"दहापैकी, अण्णा."

"ते कळलं. पण दहा म्हणजे कुठलं रान?"

मला प्रश्नच समजला नाही. मग त्यांनी समजावलं. लहानपणी मी हे शब्द रोज ऐकले होते आणि त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता.

पैसेवारी म्हणजे गावातल्या पिकाला दिलेले गुण. जुने लोक आणेवारी म्हणतात, तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. १९५७ साली दशमान नाणी आली आणि हळूहळू पैसे म्हणायची रीत पडली, पण अजूनही निम्म्या गावाच्या तोंडी आणेवारीच आहे. यातला रुपया म्हणजे जिल्ह्यातलं, राज्यातलं सर्वोत्तम पीक नव्हे. त्या भागात, तसल्या जमिनीत, मागच्या दहा वर्षांत सरासरी जे पिकलं ते प्रमाण उत्पन्न. ते म्हणजे रुपया. कोल्हापूरच्या काळ्या मातीशी आमच्या मुरमाड माळाची तुलना कुणी करत नाही. "बाजरी माळावर आली का नाही, ते माळाला विचारायचं," अण्णा म्हणाले.

रॉजर ईबर्ट हा अमेरिकन समीक्षक शिकागोच्या वर्तमानपत्रात चार ताऱ्यांच्या पट्टीवर गुण द्यायचा. आपले तारे सापेक्ष आहेत, असं तो वारंवार सांगायचा. मारधाडीचा चित्रपट चांगला आहे का, असं मित्र विचारतो तेव्हा त्याला त्या जातीच्या इतर चित्रपटांच्या मानानं विचारायचं असतं, हे त्याचं म्हणणं. मी ते बरेच वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि वाचून पुढे गेले होते. ओसरीवर बाजरीच्या भाषेत ऐकलं तेव्हा ते आत गेलं. माझ्या वहीतल्या ९ ला रान नव्हतं. एकोणीस वर्षांची, तालुक्याच्या एका पडद्याबाहेर काही न पाहिलेली मुलगी, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अंधारात पहिल्यांदा बसली होती. तिचं प्रमाण उत्पन्न काय होतं, हे पानावर कुठेच लिहिलेलं नाही.

मी अण्णांना दोन्ही नोंदी दाखवल्या, ९ आणि ५. म्हटलं, यातला खरा कोणता? त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. त्यांच्या कामात एका गावाच्या एका हंगामाला तीन आकडे असायचे. सप्टेंबरअखेर नजर पैसेवारी, म्हणजे उभं पीक बांधावरून पाहून केलेला अंदाज. ऑक्टोबरअखेर सुधारित. आणि पीक निघाल्यावर, डिसेंबरात, अंतिम. अंतिमसाठी भारी, मध्यम, हलक्या अशा तिन्ही रानांत ठरलेल्या मापाचा चौकोन दोरीनं आखायचा, तेवढंच पीक कापायचं, मळायचं, वाळवायचं, आणि गावच्या समितीसमोर तराजूत घालायचं.

"मग नजर चुकीची ठरायची ना?" मी विचारलं.

"चुकीची कशी? सप्टेंबरात पीक हिरवं होतं, तर हिरवंच लिहायचं. पुढं पाऊस गेला, सुधारित खाली आली. म्हणून नजरेची फाईल फाडायची नसते."

वह्या इतकी वर्षं ज्या पेटीत ठेवत होते, त्या पेटीत खाली त्यांच्या जुन्या डायऱ्या होत्या. त्यांनी एक काढली. एका गावापुढे तीन आकडे होते, ६२, ५४, ५१. तीन वेगळ्या पेनांनी लिहिलेले, पुढे तारखा, खाडाखोड नाही. त्या ५१ वर ते बराच वेळ थांबले. पन्नासच्या खाली पैसेवारी आली की जमीन महसुलात सूट, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जाच्या वसुलीला स्थगिती, वीजबिलात सवलत असं काही ना काही गावाला मिळायचं. ५१ ला काही नाही. त्या वर्षी लोक घरी येऊन बसायचे, मला आठवतंय. आई सगळ्यांना चहा द्यायची आणि अण्णा खाली बघत बसायचे. वजन तर समितीसमोरच झालं होतं. "एक पैसा," ते एवढंच म्हणाले. २०१६ मध्ये केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. आता दुष्काळ ठरवताना पावसाची तूट, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, जमिनीतला ओलावा हे बघतात. पैसेवारी मात्र अजून निघते, आणि बोट ठेवून वाचली जाते.

चित्रपटाच्या गुणावर कुणाची फी अवलंबून नसते. पण अगदीच काही अवलंबून नसतं असंही नाही. शुक्रवारी लागलेल्या लहानशा मराठी चित्रपटाचा खेळ सोमवारी सकाळी नऊवर ढकललेला आणि गुरुवारी उतरलेला मी अनेकदा पाहिलाय. अशा चित्रपटाला अर्धा तारा इकडे-तिकडे झाला तर तीस माणसं जातात किंवा जात नाहीत, आणि तीस माणसांवर खेळ टिकतो. सरकारही मराठी चित्रपटांना अनुदान देताना 'अ' आणि 'ब' असे दर्जे लावतं, त्या अक्षरामागे पुढच्या चित्रपटाचं भांडवल असतं. आकडा हलक्या हातानं लिहायचा नसतो, हे मी घरातच शिकायला हवं होतं.

रात्री जेवताना अण्णांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. प्रमाण उत्पन्न मागच्या दहा वर्षांचं. पण त्या दहातली सहा-सात वर्षंच दुष्काळाची असली तर? सरासरीच खाली येते. मग जेमतेम पिकलेलं पीकही त्या सरासरीपुढे ऐंशी पैसे दिसतं, आणि उपाशी गाव कागदावर भरलेलं निघतं.

मी माझी मराठी चित्रपटांची पानं काढून बघितली. 'मराठीच्या मानानं छायाचित्रण चांगलं.' 'आपल्याकडे एवढं तरी कोण करतं.' अशा ओळी पानोपानी होत्या. मला वाटायचं ही आपुलकी आहे. पण मी रुपयाच खाली आणून ठेवला होता, आणि त्यानं सगळ्यांत मोठा अन्याय त्या दिग्दर्शकांवर झाला होता ज्यांनी जगातल्या कुठल्याही रानात उभं राहील असं पीक काढलं होतं. त्यांच्या पुढेही तेच 'मराठीच्या मानानं' लिहिलेलं होतं. ईबर्टचं म्हणणं पटतं, पण त्याला ही एक बाजू जोडावी लागते. जातीच्या मानानं मोजा, पण त्या जातीचं चांगलं वर्ष कोणतं होतं ते विसरू नका.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बसून पट्टी ठरवली. मिशेलिन मार्गदर्शिका उपाहारगृहांना जे तारे देते, त्यांचा अर्थ त्यावेळी आठवला. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबण्याजोगं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जाण्याजोगं, तीन म्हणजे खास त्यासाठी प्रवास करण्याजोगं. टायर विकणारी कंपनी, त्यामुळे प्रत्येक ताऱ्यात गाडी किती चालवायची हे सांगितलेलं. माझेही शून्य ते तीनच. तीन म्हणजे मी पुन्हा पाहीन, तुम्ही रजा काढून जा. दोन म्हणजे थिएटरात जाऊन पाहा. एक म्हणजे घरी समोर आला तर बंद करू नका. शून्य म्हणजे मी पाहिलाय, तेवढं पुरे. अर्धा नाही. आणि आकड्याखाली एक ओळ, 'प्रमाण'. हा चित्रपट मी कोणत्या चित्रपटांशेजारी ठेवून पाहिला, नावं घेऊन.

मंडळातल्या एकानं फोनवर हरकत घेतली. तो संख्याशास्त्र शिकवतो. इतकी ढोबळ पट्टी विश्वासार्ह नसते म्हणाला, आणि त्याचं खरं आहे. प्रेस्टन आणि कोलमन या दोघांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन ते चार पायऱ्यांच्या पट्ट्या कमी भरवशाच्या ठरल्या, सात ते दहा पायऱ्यांच्या सरस, आणि लोकांना सर्वाधिक आवडली ती दहाचीच. मी त्याला म्हटलं, शेकडो माणसांची मतं गोळा करायची असती तर मीही दहाच घेतली असती. इथे लिहिणारी मी एकटी आहे, आणि माझी सहा की सात ही घालमेल वाचणाऱ्याच्या काही कामाची नाही. त्याला अजून पटलेलं नाही. पट्टीला वर्ष झाल्यावर पुन्हा बोलायचं ठरलंय.

आठवी वही तालुक्याच्या दुकानातून आणली आणि समासात तीन रकाने आखले, नजर, सुधारित, अंतिम. नजर थिएटरातून बाहेर पडल्याच्या रात्री. सुधारित महिन्यानं, पुन्हा न पाहता, जे उरलंय त्यावर. अंतिम पुन्हा पाहिल्यावर. मंडळाच्या टिपणावर नजरच छापली जाईल, कारण तिकीट शुक्रवारी काढायचं असतं. पण तसं स्पष्ट लिहून. २००४ चे ९ आणि २०१८ चे ५ दोन्ही जागच्या जागी आहेत.

नव्या वहीतली पहिली नोंद त्याच रात्रीची. अण्णांबरोबर लॅपटॉपवर एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट पाहिला. प्रत वाईट होती, आवाज मध्येच जायचा, गाणी जास्त वाटली. मी नजरेच्या रकान्यात १ लिहिला. अण्णांना विचारलं तर म्हणाले, तीन. क्षणभरही थांबले नाहीत. मी म्हटलं, नोंद करते, पण प्रमाण सांगा.

"बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर होतो," ते म्हणाले. "पगार झाला त्या शनिवारी जत्रेच्या मैदानात तंबू लागला होता. दुपारची सुकडी खाल्लेली नव्हती, रुमालात बांधून ठेवली होती. हा सिनेमा बघत ती आम्ही तिघांनी खाल्ली."

मी प्रमाणच्या ओळीत तेवढं सगळं लिहून घेतलं.